दिल्लीचं एनजीएमए: शेरगिलसाठी गेलो, अख्खी दुपार तिथेच गेली

दिल्लीला गेलात की इंडिया गेटवर फोटो काढून लगेच मागे वळू नका, तिथेच बाजूला जयपूर हाऊस आहे आणि त्यात नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट, म्हणजे एनजीएमए. मागे एकदा आम्ही टूरबरोबर गेलेलो तेव्हा बसमधून नुसता घुमट दिसला, थांबवा म्हटलं तर टूरवाले म्हणाले प्रोग्राममध्ये नाही. म्हणून ह्या वेळी मुद्दाम स्वतःचं स्वतः गेले, आणि मावशीला घेऊन गेले. मावशीने तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, कितीतरी पोरांना एलिमेंटरी-इंटरमीजिएटला बसवलं, आणि चित्रकार अमृता शेरगिलची चित्रं तिने आत्तापर्यंत बघितली ती पुस्तकात, पोस्टकार्डाएवढी.

मी तर म्हणेन शेरगिलसाठीच जा. तिच्या चित्रांचा सगळ्यात मोठा संग्रह इथे आहे. जन्म १९१३ चा बुडापेस्टमधला, आई हंगेरियन, वडील शीख, शिक्षण पॅरिसला आणि १९४१ मध्ये लाहोरला वारली तेव्हा वय फक्त २८. एवढ्या थोड्या वर्षांत माणूस किती बदलू शकतो हे ह्या संग्रहात डोळ्यांनी दिसतं. आधी 'यंग गर्ल्स' बघा, १९३२ चं, पॅरिसमध्ये शिकताना काढलेलं, त्यालाच पुढच्या वर्षी तिथल्या सलाँचं, म्हणजे मोठ्या वार्षिक चित्रप्रदर्शनाचं, गोल्ड मेडल मिळालं. दोन मुली बसल्यात, आणि कापड, केस, कातडी सगळं इतकं सफाईने रंगवलंय की शिकायचं काही बाकी राहिलंय असं वाटतच नाही. मग 'ब्राइड्स टॉयलेट', म्हणजे नवरीचा साजशृंगार, त्याच्या समोर या. हे १९३७ चं. मधे फक्त पाच वर्षं!

मावशी इथे बराच वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "अगं सावली बघ ना, सावली काढूनच टाकलीय हिने." आणि खरंच, पॅरिसच्या चित्रात उजेड-सावलीने अंगाला गोलाई आणलेली, इथे ती कमी करून सपाट, दाट रंगांवरच सगळा भार टाकलाय. मधोमध बसलेली नवरी, तिचे रंगलेले तळवे, मागून केस विंचरणारी बाई, आणि कोणी कोणाशी बोलत नाहीये. लग्नाची तयारी आहे पण गडबड कुठेच नाही. ह्या दोन चित्रांच्या मधे आहे आपलं अजिंठा. १९३६ च्या शेवटी तिचं मुंबईत प्रदर्शन झालं आणि तिथून ती अजिंठा-वेरूळ बघून पुढे दक्षिणेत गेली, त्यानंतर ही चित्रं आली. 'ब्रह्मचारी' पण त्याच वर्षातलं, त्यातली पांढरी धोतरं बघा, प्रत्येक पांढरा वेगळा आहे. छापील चित्रात हे कळत नाही हो, तिथे सगळं एकच पांढरं दिसतं. तरी सगळं श्रेय अजिंठ्याला देऊ नका, कारण 'थ्री गर्ल्स' १९३५ चं म्हणजे त्याच्या आधीचं आहे आणि तिघींचे चेहरे बघितले की समजतं ती इकडे आधीच निघालेली होती.

बाकी पसारा प्रचंड आहे. म्युझियम १९५४ चं, संग्रहात १७ हजारांवर कलाकृती, त्यामुळे एका वेळी थोड्याच भिंतीवर असतात आणि मांडणी बदलत राहते, कागदावरची कामं तर उजेडात फार दिवस ठेवताही येत नाहीत, तेव्हा तुमचं आवडतं चित्र त्या दिवशी बाहेर नसेल तर मन मोडू नका. नंदलाल बोस यांची हरिपुरा पोस्टर्स लागलेली असली तर सोडू नका, गुजरातेतल्या हरिपुरा गावी १९३८ ला भरलेल्या काँग्रेस अधिवेशनासाठी गांधीजींच्या सांगण्यावरून केलेली, त्यात ढोलकरी, सुतार, पैलवान असे कामातले लोक, रेषा अशी की एका दमात ओढलीय. रवींद्रनाथांची चित्रं, बंगालचे चित्रकार जामिनी रॉय हेही बघाच. आणि आपले चित्रकार वासुदेव गायतोंडे! नागपूरचा जन्म, मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, १९७२ पासून दिल्लीतच राहिले. रोलर आणि रंग पसरवायच्या नाइफने थर चढवत नि उतरवत काम करायचे, त्यांच्या चित्रासमोर दोन मिनिटं थांबून उपयोग नाही, डोळे स्थिरावले की मग आतला उजेड हळूहळू वर येतो. मला स्वतःला इथे काय वाटलं ते अजून शब्दांत सांगता येत नाहीये.

इमारतीबद्दल थोडंसं. जयपूरच्या महाराजांचा १९३६ चा बंगला, आर्थर ब्लोमफील्डने बांधलेला, मधे घुमट आणि दोन्हीकडे फुलपाखरासारखे पंख. नवी विंग २००९ ला झाली, ती मोठी आहे, चालणं भरपूर होतं, सोबत वयस्कर माणूस असेल तर अर्धा दिवस हाताशी ठेवा. आम्ही गेलो तेव्हा भारतीयांना तिकीट २० रुपये होतं. जवळचं मेट्रो स्टेशन खान मार्केट.

परतताना मेट्रोत मावशी म्हणाली आता अजिंठा परत बघायला हवं, तेव्हा शाळेच्या सहलीत पोरं मोजण्यातच वेळ गेला होता. थंडीत जायचं ठरलंय, पहिली आणि सतरावी लेणी तरी निवांत बघायची. एनजीएमए सोमवारी बंद असतं आणि अजिंठाही सोमवारीच, तेवढं बघून प्लॅन करा.