बेसिनचा टवका भरायचं किट: काम चोख, पण घाई नको

बेसिनच्या कडेचा टवका उडाला होता, आतला खरबरीत भाग दिसायचा आणि त्यात मळ बसायचा, घासून पण जायचा नाही, म्हणून हे दोन ट्यूबवालं इपॉक्सी (दोन्ही मिसळलं की कडक होणारं भरण) किट मागवलं आणि खरंच मस्त निघालं. भरण्याआधी जागा एकदम कोरडी आणि तेलकटपणा काढलेली हवी, नाहीतर पकडत नाही. थर पातळ पातळच द्या, एकदम जाड भरलं तर आत हवेचे बुडबुडे राहतात. मग 24 तास पाणी लावायचं नाही, हे फार महत्त्वाचं. नंतर 600 आणि मग 1000 नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी लावून हलकं घासलं की बोट फिरवलं तरी कड लागत नाही!

शेडचं मात्र बघा हं, पांढरा म्हणजे एकच पांढरा नसतो, जुनं बेसिन पिवळसर झालेलं असतं, त्यामुळे जवळून बघितलं तर ठिपका कळतोच. टब लोखंडी इनॅमलचा, म्हणजे लोखंडावर काचेसारखा लेप दिलेला, असेल तर आधी गंज पूर्ण खरवडा, नाहीतर तो आतून परत फुगतो. आणि आरपार तडा गेला असेल तर यात पैसे घालू नका, सरळ बेसिनच बदला.