आमच्या टिकलीचा बिल्ला: पेठेतल्या दुकानातून करून घेतलेला स्टीलचा टॅग कसा निघाला

पुण्यात कुत्र्याच्या गळ्यात घालायचा नावाचा बिल्ला कुठून करून घ्यायचा असं खूप जण विचारतात म्हणून सविस्तर लिहितेय. आम्ही तो बुधवार पेठेतल्या रबरी शिक्के, नावाच्या पाट्या, ट्रॉफ्या वगैरे करणाऱ्या एका छोट्या दुकानातून करून घेतला आणि मला तो ऑनलाइन मिळणाऱ्या टॅगपेक्षा कितीतरी चांगला वाटला.

आधी नावाचं सांगते, कारण नाव ठरल्याशिवाय बिल्ला होत नाही आणि आमच्याकडे त्यावरूनच जास्त दिवस वाद चालला. पिल्लू इंडी आहे, म्हणजे आपलं देशी कुत्रं, तपकिरी, कपाळावर बरोब्बर मधे पांढरा ठिपका. मुलीला कोको हवं होतं, सासूबाईंना मोती. सोसायटीत आधीच दोन कोको आहेत, एक हाक मारली की दोन्ही धावत येतात. शिवाय आपण घरात दिवसभर "नको, नको" म्हणत असतो, चप्पल नको चावू, पडदा नको ओढू, आणि कोको आणि नको पिल्लाच्या कानाला जवळजवळ सारखंच लागतं, म्हणजे लाडाने हाक मारली तरी त्याला ओरडल्यासारखं वाटणार. बस, चल, थांब या रोजच्या शब्दांशी जुळणारं नाव पण टाळावंच. नाव छोटं हवं आणि शेवटचा स्वर मैदानातून लांबवता आला पाहिजे. टिकली त्यात चपखल बसलं, "टिकलीऽऽऽ" म्हटलं की पार गेटपाशी असली तरी कान टवकारते, आणि सासूबाईंनी पण लगेच हो म्हटलं.

आता बिल्ला. माझं ठाम मत आहे की इंडी कुत्र्याला बिल्ला लॅब्राडोरपेक्षा जास्त गरजेचा आहे. लॅब्राडोर रस्त्यावर एकटा दिसला की लोक म्हणतात अरे कुणाचातरी हरवलाय, इंडी दिसली की कुणी वळूनही बघत नाही, रस्त्यावरचीच समजतात. नसबंदीसाठी कुत्री पकडणाऱ्या गाडीलाही गळ्यात काही नसलं तर ती पाळलेली आहे हे कळणार कसं? आणि दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी फटाक्यांना घाबरून दर वर्षी कितीतरी कुत्री पळतात, त्याच्या आत बिल्ला गळ्यात असलाच पाहिजे.

आधी ऑनलाइन मागवला होता, हाडाच्या आकाराचा, गुलाबी, अ‍ॅल्युमिनियमचा. दिसायला गोड पण अक्षरं वरच्यावर छापलेली, पाऊस आणि फरशीवर घासणं यात नंबरातले दोन आकडे पुसट झाले. नंबर वाचता येत नसेल तर तो टॅग काय कामाचा. क्यूआर कोडवालेही बघितले, पण त्याला स्मार्टफोन हवा, नेट हवं, त्या कंपनीची वेबसाइट चालू हवी. रात्री अकराला कुत्रं सापडणार ते वॉचमनला, रिक्षावाल्याला नाहीतर पहाटे दूध टाकणाऱ्याला, त्यांना सरळ वाचून फोन लावता आला पाहिजे. म्हणूनच मला मजकूर मराठीत हवा होता आणि तो ऑनलाइन कुणी करून देत नव्हतं.

दुकानात काकांनी स्टीलची गोल चकती दाखवली, साधारण रुपयाच्या नाण्याएवढी, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. पितळेची पण होती, पण ती काळी पडते आणि सारखी घासावी लागते म्हणून स्टीलच. कॉम्प्युटरवर टाइप केल्यावर पहिल्यांदा वेलांटी पुढे जाऊन भलतंच काहीतरी दिसायला लागलं, काकांनी न कंटाळता श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये परत टाइप केलं, मोठं करून दाखवलं, आणि मी वाचून हो म्हटल्यावरच मशीन चालू केलं. लेझर एकदाच न फिरवता परत परत फिरवून खोल घेतलं, नख फिरवलं की अक्षराची खाच लागते. नव्या सामानात हेच बघून घ्या, खाच लागत नसेल तर ते टिकत नाही.

मजकूर असा ठेवला: पुढे "टिकली" आणि खाली "लस दिली आहे", मागे दोन मोबाइल नंबर, एक माझा एक यांचा. लस दिली आहे हे वाचलं की अनोळखी माणूस हात लावायला कमी घाबरतो (रेबीजची लस झाल्यावरच लिहा, तीन महिन्यांची झाल्यावर देतात). नंबर मात्र इंग्रजी आकड्यात, कारण मराठीतला १ आणि ९ बारीक अक्षरात घासले गेले की सारखेच दिसतात. पत्ता टाकला नाही, जागा पण नाही आणि गरजही नाही.

तक्रार एकच, सोबत दिलेली रिंग फार बारीक होती, बोटाने ओढली की फाकायची. ती बदलून की-चेनची जाड रिंग घातली. आणि स्टीलच्या वाडग्यावर टण टण आवाज होतो, त्याने टिकली सुरुवातीला जेवण सोडून मागे सरायची, आता जेवण सिरॅमिकच्या वाडग्यात देतो.

डॉक्टरांकडे मायक्रोचिप पण बसवून घेणार आहोत, तांदळाच्या दाण्याएवढी असते आणि त्यात १५ आकडी नंबर असतो. पण तो वाचायला स्कॅनर लागतो आणि चिप काही कुत्रं कुठे आहे ते सांगत नाही, त्यामुळे चिप आहे म्हणून बिल्ला काढून ठेवू नका. महापालिकेचं लायसन्स वेगळं, ते काढायलाच लागतं.

खर्च २५० रुपये, दोन्ही बाजूंचं मिळून, तासाभरात हातात. पिल्लू वाढतं तसा पट्टा दर आठवड्याला बघा, पट्टा आणि मान यात दोन बोटं सहज गेली पाहिजेत. काकांकडे जाताना मजकूर कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून न्या, जोडाक्षरवालं नाव असेल तर चकती एक साइज मोठी मागा, आणि दुपारी जाऊ नका, दुकान चारनंतर उघडतं.