पोलो जीटी की बलेनो आरएस करत बसलो आणि दोन्ही गाड्या एकाच माणसाच्या निघाल्या

नाशिकमध्ये कोणी सेकंडहँड पोलो जीटी टीएसआय किंवा बलेनो आरएस बघत असेल तर पैसे पाठवायच्या आधी हे वाचा. लांबलंय जरा, पण वाचाच. त्या कार बाजाराचं आणि माणसाचं नाव इथे लिहीत नाही, तक्रार चालू आहे आणि वकिलाने तोंड बंद ठेवायला सांगितलंय. पण पद्धत सांगायला कोणाची ना नाही, आणि ही पद्धत तो एकटाच वापरत असेल असं मला तरी वाटत नाही.

मला टर्बो पेट्रोल हॅचबॅकच पाहिजे होती. रोजचं सातपूरला जाणं-येणं आणि सुट्टीच्या दिवशी घोटी-कसारा. बजेट साडेपाच, फारच ताणलं तर सहा लाख. त्यात माझ्यासाठी दोनच नावं उरली. पोलो जीटी टीएसआय २०१३ ला आली, १.२ लिटर टर्बो, १०५ पीएस ताकद, १७५ एनएम टॉर्क आणि सात गिअरची डीएसजी, म्हणजे दोन क्लचची ऑटोमॅटिक. २०२० ला ती १.० लिटर झाली आणि डीएसजी जाऊन साधा टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक आला, पण ती बजेटच्या बाहेर. दुसरी बलेनो आरएस, मार्च २०१७ ची, १.० बूस्टरजेट, १०२ पीएस, १५० एनएम, पाच गिअर मॅन्युअल, चारी चाकांना डिस्क, वजन फक्त ९५० किलो. बीएस६ प्रदूषण नियमांच्या तोंडावर २०२० च्या सुरुवातीला बंद झाली त्यामुळे बाजारात मिळतच नाही फारशी. कागदावर पोलो भारी, पण डीएसजीचं नाव काढलं की सगळे कानाला हात लावतात. ड्राय क्लच आहे, ट्रॅफिकमध्ये तापते, आणि मेकॅट्रॉनिक, म्हणजे गिअर बदलणारं युनिट, गेलं की बिल लाखाच्या वर. ही भीती सगळ्यांना माहितीये, विकणाऱ्याला तर सगळ्यात जास्त. सगळा खेळ तिथूनच सुरू झाला.

पोलो पाथर्डी फाट्याकडच्या एका कार बाजारात होती, पांढरी, २०१६ ची. तिथला माणूस म्हणजे टिपिकल, हातात तीन मोबाईल, सारखं "साहेब दुसरी पार्टी निघालीये द्वारकेहून, टोकन टाका नाहीतर गाडी गेली समजा". भाव पण उगाच चढा. टेस्ट ड्राइव्ह दिली ती संध्याकाळी ऐन गर्दीत, मुंबई नाका आणि तिथून सीबीएसकडे, सिग्नलला थांब-निघ थांब-निघ. पहिल्यावरून दुसऱ्याला जाताना गाडी हिसके देत होती. माझा नेहमीचा अंबडचा मेकॅनिक सोबत होता, तो मागच्या सीटवरून हळूच म्हणाला, दादा ही नको, क्लच संपलाय. मी गाडी धरून ठेवायला आधीच पाच हजार टोकन दिलं होतं, ते परत मागितलं, आणि कार बाजारवाल्या भाऊने कुरकुर न करता त्याच दिवशी यूपीआयने परत केलं. मला म्हणतो, "पैसे गेले चुलीत साहेब, संबंध महत्त्वाचे." आणि जाता जाता, "पण एक सांगतो, बलेनो आरएसच्या नादी लागू नका, पार्ट मिळत नाहीत." आता कळतंय की ते वाक्य किती मोजून टाकलेलं होतं. त्याच्यावर माझा विश्वास नव्हताच, त्यामुळे तो नको म्हणाला म्हणजे बलेनो नक्की चांगली असणार, असंच कोणालाही वाटेल.

दुसऱ्याच आठवड्यात ऑनलाइन जाहिरात दिसली, बलेनो आरएस, निळी, २०१८, ४१ हजार किलोमीटर, "ओनर पोस्ट, डीलरने फोन करू नये". फोन केला तर एकदम सभ्य माणूस. इंदिरानगरला भेटला, इन केलेला शर्ट, गाडीत गणपती, डॅशबोर्डवर पार्किंगच्या पावत्या, मागे लहान मुलाची छत्री. हो, छत्री पण ठेवली होती! म्हणे पुण्याला बदली झालीये, तिकडे कंपनीची गाडी मिळतेय, मेव्हण्याच्या नावावर आहे पण वापर माझाच. घाई अजिबात नाही, "निवांत बघा दादा, घरच्यांना दाखवा, मेकॅनिक आणा." टेस्ट ड्राइव्ह सकाळी साडेसहाला, त्र्यंबक रोडने, रिकामा रस्ता, टर्बो लागला की काय पळते राव ती गाडी. पोलोच्या हिसक्यांनंतर ही म्हणजे लोणी. मेकॅनिकने इंजिन बघितलं, सस्पेन्शन बघितलं, खालून लिकेज बघितलं, सगळं ठीक. एवढंच म्हणाला की पोलोपेक्षा शंभर पटीने चांगली आहे.

आता हे वाक्य परत वाचा. पोलोपेक्षा चांगली. पोलो टुकार होती म्हणून बलेनो चांगली असं कुठे लिहिलंय? पण डोक्यात तुलना बसली की माणूस गाडी तपासत नाही, फरक तपासतो. तिची डीएसजी खराब, हिला डीएसजीच नाही, टिक. तो माणूस गुंड वाटतो, हा मास्तर वाटतो, टिक. तो भाव सोडत नाही, ह्याने आपणहून पंधरा हजार कमी केले, टिक. पोलो तिथे विकायला उभीच नव्हती, तुलनेला उभी होती.

पाच लाख तीस हजारला ठरलं. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या आधीच केलेल्या होत्या, मेव्हणा म्हणे दुबईला आहे. पैसे "भाच्याच्या अकाउंटला टाका, माझं लिमिट संपलंय". काही यूपीआय, बाकी आरटीजीएस. पेठ रोडच्या आरटीओला ट्रान्सफरचं काम एजंटने केलं, आरसी माझ्या नावावर आली, सगळं सुरळीत. लोकांना वाटतं फसवणूक म्हणजे चोरीची गाडी नाहीतर खोटी आरसी. इथे कागद एकदम खरे होते.

फुटलं कुठे, तर पहिल्या सर्व्हिसला. कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपला गाडी नंबर टाकला की आधीची जॉब कार्ड, म्हणजे जुन्या सर्व्हिसच्या नोंदी, दिसतात. ॲडव्हायझर पोरगा होता, स्क्रीनकडे बघतो, मीटरकडे बघतो, परत स्क्रीनकडे. मीटरला ४२ हजार आणि शेवटच्या जॉब कार्डला ९८ हजार, ते पण दीड वर्षापूर्वीचं. त्यानंतरची नोंदच नाही. मग त्यानेच मला गाडीत बसवून दाखवलं ते मी कधी विसरणार नाही. म्हणाला सर क्लच न दाबता बटण दोनदा दाबा, म्हणजे इग्निशन ऑन होईल पण इंजिन चालू होणार नाही. मीटरमध्ये सगळे दिवे लागले. एअरबॅगचा लाल दिवा सहा-सात सेकंदांत आपोआप विझायला पाहिजे. तो विझेना. ऑइलचा दिवा चालू, तो पण चालू. मग इंजिन स्टार्ट केलं तर ऑइलचा दिवा विझला आणि त्याच्याच जोडीने, अगदी एकाच क्षणी, एअरबॅगचा पण विझला. कोणीतरी त्याची वायर ऑइलच्या दिव्याला जोडून दिली होती. आपण रोज गाडी सरळ स्टार्टच करतो, दिवे लागले, विझले, कोण बघतंय कुठला आधी आणि कुठला नंतर. स्कॅनर लावला तर एअरबॅग मॉड्यूलमध्ये क्रॅशचा रेकॉर्ड. स्टेअरिंगचं कव्हर डुप्लिकेट, आत बॅग नाही. डाव्या बाजूला डॅशबोर्डवर जिथे एसआरएस एअरबॅग लिहिलेलं असतं तिथे बोट फिरवलं की भरलेली रेघ नखाला लागते, वरून काळा फवारा. ड्रायव्हरचा सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला तर त्याच्या लेबलवर २०१५, गाडी २०१८ ची. म्हणजे तो पण दुसऱ्या गाडीचा.

ह्या गाडीत माझी बायको आणि मुलगी बसत होती. किलोमीटर मागे करणाऱ्याला मी एक वेळ चोर म्हणून सोडून देईन, पण रिकाम्या स्टेअरिंगवर कव्हर चिकटवून वर छत्री ठेवणाऱ्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

वर्कशॉपला अजून एक कळलं. मारुतीने एप्रिल २०२३ ला ७,२१३ बलेनो आरएस रिकॉल केल्या होत्या, म्हणजे फुकट दुरुस्तीला परत बोलावल्या होत्या, २७ ऑक्टोबर २०१६ ते १ नोव्हेंबर २०१९ मध्ये बनलेल्या, ब्रेकला मदत करणाऱ्या व्हॅक्यूम पंपासाठी, कारण तो बिघडला तर ब्रेक पेडल जोरात दाबावं लागतं. गाडी घेताना मी विकणाऱ्याला रिकॉलचं विचारलं होतं, तो लगेच म्हणाला "हो हो झालंय ते". माझ्या गाडीचं झालेलंच नव्हतं. चॅसिस नंबर टाकून हे कंपनीकडे फुकट तपासता येतं आणि काम पण फुकट होतं. गाडीचा उपयोग बाजूला ठेवा, माणूस खोटं बोलतोय का हे बघायला ह्याच्यापेक्षा सोपा प्रश्न नाही.

बरं मग फोन केला तर मास्तरचा नंबर बंद. जाहिरात गायब. इंदिरानगरच्या त्या बिल्डिंगमध्ये वॉचमन म्हणतो असं कोणी राहतच नाही, ते फक्त खाली पार्किंगला गाडी लावायचे. घरी येऊन पुरावे गोळा करायला यूपीआयची हिस्ट्री काढली आणि तिथे डोकंच फिरलं. ज्या अकाउंटवरून पोलोचं पाच हजार टोकन परत आलं होतं, तेच नाव. भाचा! ज्या भाच्याला मी बलेनोचे पैसे टाकले तोच भाचा पाथर्डी फाट्यावरून मला टोकन परत करत होता. दोन्ही गाड्या एकाच्याच. आरसीवरच्या जुन्या मालकाला कसंतरी शोधलं, तो चाळीसगावकडचा निघाला, दुबई-बिबई काही नाही. बिचारा म्हणतो मी तर ॲक्सिडेंटनंतर गाडी आहे तशी एजंटला देऊन टाकली, आणि त्यानंतरचे ई-चलान माझ्याच नावावर येतायत.

आता कायद्याचं, कारण इथे बरेच जण अडकतात. डीलरकडून घेतली असती आणि त्याचं बिल असतं तर सरळ जिल्हा ग्राहक आयोगात जाता आलं असतं, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी पण लागत नाही. पण कागदावर माझा व्यवहार चाळीसगावच्या माणसाशी, आणि तो काही धंदा करणारा नाही, त्यामुळे तिथे तो ग्राहक वाद होतच नाही. डीलरचं नाव कुठल्याच कागदावर नाही आणि ते मुद्दामच. १ एप्रिल २०२३ पासून नियम आहे की जुन्या गाड्यांच्या डीलरने आरटीओकडून अधिकृतता घ्यायची आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिली की फॉर्म २९सी ने कळवायचं. तसं झालं असतं तर मधल्या काळात गाडी कोणाच्या ताब्यात होती हे सरकारदरबारी दिसलं असतं. म्हणून बाजारात गेलात की पहिलं ते अधिकृतता प्रमाणपत्र मागा, आणि नाही म्हणाला तर चहा पिऊन निघा. पोलीस स्टेशनला पहिल्यांदा "हे सिव्हिल मॅटर आहे भो" असं ऐकवलं. व्हॉट्सॲपवर त्याने "४१ हजार जेन्युइन, नॉन ॲक्सिडेंट" असं लिहून पाठवलेलं होतं ते, जॉब कार्डची प्रिंट आणि बँक स्टेटमेंट असं तिन्ही समोर ठेवल्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली, म्हणजे जुनं ४२०, लेखी तक्रार घेतली. तोंडी बोलण्याला काडीची किंमत नाही, त्यामुळे किलोमीटर आणि ॲक्सिडेंट हे दोन प्रश्न नेहमी लिहून विचारा आणि उत्तर पण लेखीच घ्या. लिहायला टाळाटाळ केली तर तेच उत्तर.

इन्शुरन्सची जुनी पॉलिसी पण मागा, पहिल्या पानावर नो क्लेम बोनस बघा. तो २० टक्क्यांपासून सुरू होऊन ५० पर्यंत चढतो. चार-पाच वर्षं एकाच मालकाकडे असलेली गाडी आणि बोनस शून्य, तर क्लेम झालाय का ते विचारा. माझ्या वेळी मास्तरने फक्त चालू थर्ड पार्टीची कॉपी दिली होती, त्यात बोनस नसतोच.

आणि आरएसवाल्यांसाठी खास. साध्या बलेनोला आरएसचा बंपर आणि बॅज लावून पण विकतात. आरसीवर क्युबिक कपॅसिटी ९९८ पाहिजे, ११९७ दिसलं तर ती साधी पेट्रोल. आणि मागच्या चाकात वाकून बघा, डिस्क नसेल तर आरएस नाही. माझी खरी आरएस होती, एवढंच काय ते.

पोलीस स्टेशनमधून दोनदा बोलावणं गेल्यावर भाच्याच्या अकाउंटवरून नव्वद हजार परत आले, बाकीचं "बसून मिटवू" चालू आहे. मी बसणार नाहीये. एअरबॅग, मॉड्यूल, बेल्ट आणि डॅशबोर्ड धरून वर्कशॉपने सव्वा लाखाच्या आसपास सांगितलंय, ते काम होईपर्यंत मुलीला गाडीत बसवत नाही. गाडी विकणार का म्हणून दोघातिघांनी विचारलं. काम झाल्यावर बघू, पण विकली तर ९८ हजारवालं जॉब कार्ड आणि स्कॅनरचा रिपोर्ट सोबत देणार, भाव पडला तर पडला.