घरच्या गणपतीचे थेट दर्शन: रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू आणि कॅमेरा मॉड्यूल ३

चतुर्थीला सगळे चाकरमानी गावी पोचतातच असे आता राहिलेले नाही. कोणाला रजा मिळत नाही, कोणी आखातात नोकरीला असतो, तर कोणाला वयोमानामुळे मुंबईहून एवढा प्रवास झेपत नाही. अशा मंडळींना माटवीखालच्या (देवावर बांधलेल्या, फळा-पानांनी सजवलेल्या चौकटीखालच्या) गणपतीचे दर्शन पाचही दिवस घडावे, या हेतूने देवगड तालुक्यातील आमच्या घरी रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू हा छोटा संगणक आणि कॅमेरा मॉड्यूल ३ ही जोडी बसवली. एका जागी स्थिर राहून अखंड चालणाऱ्या प्रक्षेपणासाठी ही जोडी मला मनापासून आवडली. तिच्या भोवतीच्या व्यवस्थेकडे मात्र यंत्राइतकेच लक्ष द्यावे लागते.

फोन का नाही, हा प्रश्न सर्वांनी विचारला. चार्जिंगला लावून तासन्‌तास चित्रण केले की फोन तापतो, मध्येच कोणाचा तरी कॉल येतो, आणि मुख्य म्हणजे यूट्यूबच्या मोबाइल ॲपमधून थेट प्रक्षेपण करायला चॅनेलचे किमान ५० सबस्क्रायबर लागतात. बाहेरच्या एन्कोडरमधून, म्हणजे चित्र आक्रसून यूट्यूबकडे पाठवणाऱ्या अशा वेगळ्या यंत्रातून, प्रक्षेपण पाठवताना ही अट नाही. फक्त चॅनेलची पडताळणी करून घ्यावी लागते आणि सुविधा सुरू होण्यास २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो, त्यामुळे हे काम हरतालिकेच्या रात्रीवर ठेवू नये.

२०२१ साली आलेल्या झीरो २ डब्ल्यूमध्ये ५१२ एमबी रॅम आहे, आणि एवढ्याने काम भागते, कारण एच.२६४ पद्धतीने चित्र आक्रसण्याचे जड काम त्यातील स्वतंत्र हार्डवेअर करते. याउलट २०२३ च्या पाय ५ मध्ये हे हार्डवेअर नाही. तेथे तो भार मुख्य प्रोसेसरवर पडतो, म्हणून या कामासाठी महाग बोर्ड घेण्यात मला अर्थ दिसत नाही. खरेदी करताना केबल मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावी. कॅमेऱ्यासोबत येणारी रिबन केबल दोन्ही टोकांना १५ पिनांची असते, तर झीरोचा कनेक्टर २२ पिनांचा आणि अरुंद असतो. योग्य केबल वेगळी मागवावी लागते, आणि आमच्या विक्रेत्याने हे सांगण्याची तसदी घेतली नव्हती.

कॅमेऱ्याबद्दल सविस्तर लिहायला हवे. साध्या भिंगातून दोन मीटरवरून सुमारे अडीच मीटर रुंदीचे दृश्य मिळते, वाइड भिंगातून जवळजवळ पाच मीटरचे. केवळ मूर्ती आणि मखर दाखवायचे असेल तर साधे भिंगच चांगले, कारण वाइडमध्ये मूर्ती लहान दिसते. तरीही आम्ही वाइड घेतला. दूर असलेल्या माणसाला देवाइतकीच देवापुढे बसलेली माणसेही पाहायची असतात: रात्रीच्या भजनाला पखवाज कोणी घेतला आहे, काकी खांबाला टेकून बसली आहे का, हे त्याला दिसायला हवे. या कॅमेऱ्याचा ऑटोफोकस एरवी उत्तम आहे, पण आरतीचे ताट पुढे फिरू लागले आणि धुपाचा धूर वर चढला की तो मूर्ती सोडून त्यांच्यामागे धावतो. म्हणून फोकस हाताने पक्का करावा. त्याचा आकडा म्हणजे मीटरमधील अंतराचा व्यस्तांक, म्हणजे मूर्ती दोन मीटरवर असेल तर ०.५. विद्युत रोषणाईच्या माळा चित्रात लुकलुकत असतील तर आपल्याकडील ५० हर्ट्‌झ विजेला अनुसरून सेकंदाला २५ फ्रेम ठेवाव्यात आणि शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर बांधावे. माजघर अंधारे आणि दारातून ओटीवरचा लख्ख उजेड, या आपल्या घरांच्या नेहमीच्या अडचणीवर, अंधार आणि उजेड दोन्ही एकाच चित्रात सांभाळणाऱ्या एचडीआर सुविधेचा उपयोग होतो. कापराच्या काजळीने भिंगावर तेलकट थर बसतो, तो रोज सकाळी मऊ कापडाने पुसावा.

कॅमेऱ्याला मायक्रोफोन नाही. आरती ऐकू जावी यासाठी ओटीजी जोडणीने (छोट्या यूएसबी खाचेत बाहेरचे उपकरण जोडणाऱ्या केबलने) यूएसबी माइक लावावा लागतो. माइक नसेल तर शांततेचा का होईना, ध्वनीचा प्रवाह चित्राला जोडावा, कारण केवळ चित्र पाठवल्यास यूट्यूबवर प्रक्षेपण नीट सुरू होत नाही. आरतीच्या व्यावसायिक ध्वनिमुद्रिका वाजवू नयेत, कारण त्यांच्या स्वामित्वहक्कामुळे प्रक्षेपण मध्येच थांबवले जाऊ शकते. घरच्यांच्या आवाजातली आरती हीच तर खरी ऐकण्याची गोष्ट आहे.

आता इंटरनेट. सेकंदाला २ मेगाबिट या वेगाने पाठवले तर तासाला सुमारे ०.९ जीबी आणि दिवसाला साडेएकवीस जीबी डेटा लागतो. रोज २ जीबी देणारा मोबाइल प्लॅन दोन तासांत संपतो, त्यामुळे अखंड प्रक्षेपणासाठी फायबरच हवे. दृश्य बहुतांशी स्थिर असल्याने ७२० पी या मध्यम स्पष्टतेच्या चित्राला हा वेग पुरतो. मात्र १२ तासांहून लांब प्रक्षेपणाचे चित्रमुद्रण यूट्यूब जपून ठेवत नाही, म्हणून दर अकरा तासांनी नवे सुरू करावे. दुवा अनलिस्टेड (शोधात न दिसणारा) ठेवून घरच्यांनाच द्यावा, कारण कॅमेऱ्यासमोर आपले माजघर उघडे असते.

भाद्रपदातल्या पावसात लाइट जाणारच. राउटर आणि संगणक दोघांनाही बॅटरीचा आधार हवा, कारण एकटा संगणक चालू राहून उपयोग नाही. अचानक वीज गेल्याने मेमरी कार्डातील प्रणाली बिघडू नये म्हणून ओव्हरले पद्धतीने कार्ड केवळ वाचण्यापुरते ठेवावे आणि वीज येताच प्रक्षेपण आपोआप सुरू होईल अशी योजना करावी. या दोन गोष्टी केल्या असतील तर रात्री कोणाला उठावे लागत नाही.

विसर्जनाच्या वाटेवर ही जोडी नेऊ नये. चालत्या चित्रणाला आणि समुद्रावरच्या खाऱ्या वाऱ्याला ती नाही, तेथे फोनच बरा. उत्सव संपल्यावर केबल काढून सगळे सामान सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावे, कारण उघड्यावर राहिल्यास आपल्या किनाऱ्यावरची दमट हवा कनेक्टरच्या पिना खाते.