ब्रूज की गेंट? पोरापोरींचा वीकेंड कुठे घालवायचा
बेल्जियममध्ये शिकताय आणि शनिवार-रविवार मोकळा आहे, तर ब्रूज दिसायला भारीच, कालवे, विटांची जुनी घरं, सगळं फोटोत छान येतं, पण दुपारी डे-ट्रिपवाल्यांची एवढी गर्दी की बेल्फ्रीच्या (म्हणजे जुन्या घंटा-मनोऱ्याच्या) ३६६ पायऱ्या चढायच्या आधी रांगेतच पाय दुखायला लागतात. गेंटच्या बेल्फ्रीला लिफ्ट आहे (आळशी ग्रुपने नोंद घ्यावी). शिवाय ग्रावेनस्टेन किल्ला भर गावात, आणि सेंट बाव्हो कॅथेड्रलमध्ये व्हॅन आयक या चित्रकार भावांचं १४३२ चं वेदीचित्र. संध्याकाळी ग्रासलेईला, म्हणजे गेंटच्या नदीकाठच्या धक्क्यावर, पाण्याकडे पाय सोडून फ्राईज खात बसायचं, आजूबाजूला सगळी कॉलेजची पोरं, खर्च जवळपास नाहीच. ब्रूज खरं बघावं ते रात्री, गर्दी ओसरल्यावर. मी तर मुक्काम गेंटलाच टाकेन, ट्रेनने ब्रूज अर्ध्या तासावर तर आहे.