लोहाच्या गोळ्या: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

फेरस अ‍ॅस्कॉर्बेटची गोळी मी आठ महिने घेतेय. तिसऱ्या महिन्यात मत विचारलं असतंत, तर 'पैसे वाया' म्हटलं असतं.

सुरुवातीला हिमोग्लोबिन ८.९ होतं. रोज १०० मिलिग्रॅम लोहाची एक गोळी, शिवाय आईने पाठवलेले अळिवाचे लाडू. एक दिवसही चुकवला नाही. तीन महिन्यांनी रिपोर्ट आला ९.१. धाप तशीच, केसगळती तशीच, वर बद्धकोष्ठतेचा त्रास. रडूच आलं.

ब्रँड बदलून द्या म्हणायला गेले, तर डॉक्टरांनी विचारलं, "आणखी कुठली गोळी चालू आहे?" पित्तासाठी पँटोप्राझोल, तीन वर्षं. मुळात ती एका महिन्यासाठी लिहून दिली होती. पुढे मीच केमिस्टकडून आणत राहिले.

घोडं तिथेच अडलं होतं. ही गोळी जठरातलं आम्ल कमी करते. भाज्या-धान्यांतलं लोह बहुतेक फेरिक रूपात असतं. जठरातल्या आम्लात ते विरघळतं आणि फेरस रूपात गेलं की लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं. आम्ल कमी पडलं तर अन्नातलं लोह नीट सुटत नाही आणि गोळीतलंही पुन्हा फेरिक होऊन गाळासारखं खाली बसतं. लोहाची गोळी रात्री घेऊन पाहू का, असंही मी विचारलं. उपयोग नाही, पित्ताच्या गोळीचा असर दिवसभर राहतो, वेळ बदलून तो टळत नाही.

पँटोप्राझोल डॉक्टरांच्या सांगण्यानुसार सहा आठवड्यांत हळूहळू बंद केली. कृपया स्वतःहून एकदम सोडू नका. आम्ल उसळून येतं. मला डोस उतरवतानाही पहिले दहा दिवस छातीत जळजळ झाली. ज्यांना अल्सर आहे किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू आहेत, त्यांना ती गोळी अनेकदा लागते. लोहाची गोळी आता सकाळी उपाशीपोटी, लिंबूपाण्याबरोबर घेते. चहा दोन तासांनी. हे सगळ्यांत जड गेलं.

आता हिमोग्लोबिन ११.९ आहे. तीन मजले न थांबता चढते.

सासूबाईंनाही पित्ताची गोळी चालू आहे, आणि ती थांबवता येणार नाही. त्यांचं कॅल्शियम कार्बोनेट होतं, ज्याला विरघळायला आम्ल लागतं. ते बदलून डॉक्टरांनी सायट्रेट दिलं. ती गोळी मात्र माझ्या लोहाच्या वेळेला घरात कुणी मला देऊ नये म्हणून वेगळ्या डब्यात ठेवलीय, कारण कॅल्शियम लोहाच्या आड येतं.

माझं फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप) अजून १९ आहे. साठा भरेपर्यंत आणखी तीन महिने गोळी चालू राहील.