चेंडूपासून सुरुवात: 'पेन्सिल टूडी'वर अ‍ॅनिमेशनचे पहिले धडे

गेले तीन महिने मी रोज रात्री तासभर 'पेन्सिल टूडी' या सॉफ्टवेअरवर अ‍ॅनिमेशनचे प्राथमिक सराव करीत आहे. हे मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर पूर्णपणे मोफत असून विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते. सोयी बेताच्याच आहेत: चित्र काढण्याची मोजकी अवजारे, चित्रे क्रमाने मांडणारी एक टाइमलाइन, आणि चित्र, आवाज व कॅमेरा यांचे वेगवेगळे थर. ब्रशने काढलेल्या दोन चित्रांच्या मधली चित्रे ते आपल्यासाठी तयार करून देत नाही, प्रत्येक चित्र हातानेच काढावे लागते; आणि शिकणाऱ्याच्या दृष्टीने हाच त्याचा सर्वांत मोठा गुण आहे, असे माझे मत झाले आहे.

डिस्नेचे अ‍ॅनिमेटर फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ मध्ये पुस्तकरूपाने मांडलेली अ‍ॅनिमेशनची १२ तत्त्वे आज सर्वत्र शिकवली जातात. ती मी आधी पाठ केली होती, तरी माझा पहिला चेंडू पडलाच नाही. सारख्या अंतरावर काढलेल्या १२ चित्रांमुळे कोणीतरी तो दोरीने सावकाश खाली सोडत असल्यासारखा दिसला. खरा चेंडू टेबलाच्या उंचीवरून सुटला तर सुमारे ०.४ सेकंदात जमिनीवर येतो, म्हणजे सेकंदाला १२ चित्रे धरली तर त्याला पाचच चित्रे मिळतात. शिवाय समान काळात तो कापत असलेली अंतरे १, ३, ५, ७, ९ या प्रमाणात वाढत जातात. त्या प्रमाणात खुणा करून पुन्हा चित्रे काढली, तेव्हा पडद्यावर प्रथमच वजन जाणवले. किती चित्रे हे टायमिंग आणि त्यांच्यात किती अंतर हे स्पेसिंग, हा फरक मला त्या रात्री समजला. मधली चित्रे यंत्राने भरून दिली असती, तर हे अंतर मोजण्याची वेळच माझ्यावर आली नसती.

या कामात 'ओनियन स्किन'ची सोय फार उपयोगी पडते. मागची चित्रे लाल आणि पुढची निळ्या छटेत फिकट दिसत राहतात, त्यामुळे चेंडूचा वक्रमार्ग कुठे मोडला ते लगेच लक्षात येते. पूर्वी हेच काम प्रकाशपेटीवर कागदावर कागद ठेवून आणि बोटांमध्ये पाने उलटून करीत. डिस्नेमध्ये काम केलेले क्लेअर वीक्स १९५६ मध्ये मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये भारतीय कलाकारांना शिकवायला आले, तेव्हाही कला हीच होती, फक्त माध्यम कागदाचे होते.

चेंडू चपटा करताना तो तितकाच रुंदही झाला पाहिजे, नाहीतर त्याचे आकारमान घटल्यासारखे वाटते. चपटे चित्र एकाच फ्रेमपुरते, म्हणजे एका चित्राच्या वेळेपुरते ठेवावे, हे मला बरेच प्रयत्न फुकट गेल्यावर कळले. दोन फ्रेम ठेवले की चेंडू जमिनीला चिकटतो. लोखंडी गोळा मात्र चपटा करू नये आणि जेमतेम उसळू द्यावा. एकच वर्तुळ निरनिराळ्या वस्तूंसारखे वागवण्याचा हा सराव मला सर्वांत आवडला.

त्यानंतर लंबक घेतला, आणि पुढे त्यालाच शेपूट जोडले. लंबक टोकांजवळ मंदावतो म्हणून तिथली चित्रे दाट येतात, आणि तो परत फिरला तरी शेपटाचे टोक क्षणभर जुन्याच दिशेने जात राहते. हे साधायला मला दोन आठवडे लागले. सध्या पिठाने अर्ध्या भरलेल्या पिशवीला उडी मारायला शिकवतो आहे. चेहरा नसलेल्या त्या पिशवीत उडीपूर्वीचा दबा दाखवणे फारच कठीण आहे.

रेषेवर बारीक ताबा हवा असेल तर माउसऐवजी साधा पेन-टॅब्लेट घ्यावा. पूर्ण झालेला सराव जीआयएफ किंवा व्हिडिओ म्हणून बाहेर काढता येतो, त्यामुळे शिक्षकांना मोबाइलवर पाठवणे सोपे जाते. रंगीत, अनेक पात्रांची लघुफिल्म करायची असेल, तर अधिक सोयींचे सॉफ्टवेअर निवडावे. पण पहिल्या सहा महिन्यांच्या सरावासाठी मी 'पेन्सिल टूडी'चीच शिफारस करीन.